सुरुंग: वसईच्या तटाखालचे युद्ध, १७३९

आजचा धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

युद्धयंत्रे म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर प्रचंड गोफणयंत्रे, चाकांवरचे मनोरे, आग ओकणाऱ्या नळ्या येतात. त्यांची चित्रे सुरेख असतात आणि ती झपाट्याने पसरतात. मात्र पुढची दीड हजार वर्षे ज्या साधनाने मोठमोठे तट पाडले, त्याला दाखवण्यासारखे रूपच नाही. जमिनीखाली खणलेली एक अंधारी वाट आणि तिच्या टोकाची पोकळी, एवढेच ते साधन. आपण त्याला सुरुंग म्हणतो. १७३९ च्या मे महिन्यात वसईच्या तटाखाली याच साधनाने ठाणे, साष्टी आणि कल्याणच्या खाडीचे भवितव्य ठरवले. त्याच दिवशी त्याने ते लावणाऱ्यांचेही प्राण घेतले. आपल्या सांगण्यातून हा दुसरा भाग बहुधा गळतो.

आधी शब्दाकडे पाहू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘सुरुङ्गा’ हा शब्द येतो: वेढ्यातील खणती वाट म्हणूनही, आणि संकटकाळी राजाने राजवाड्यातून निसटण्याची वाट म्हणूनही. महाभारतातील लाक्षागृहाच्या कथेत पांडव निसटतात तेही अशाच वाटेने. हा शब्द ग्रीक ‘सिरिंक्स’ या शब्दावरून आला असावा, असे अनेक भाषाविदांचे मत आहे. सिरिंक्स म्हणजे बासरी किंवा नळी, आणि सैनिकी परिभाषेत तटाखाली नेलेली वाट. अर्थशास्त्राचा काळ ठरवण्याच्या वादात हा एक शब्द पुराव्यासारखा वापरला गेला आहे. लॅटिनमध्ये याच वाटेला ‘कुनिकुलुस’ म्हणत. त्याचा दुसरा अर्थ ससा. बीळ खणणारा प्राणी आणि तट पोखरणारा सैनिक यांना रोमनांनी एकच नाव दिले, ही मला त्यांच्या विनोदबुद्धीची खूण वाटते.

उत्तरकालीन रोमन साम्राज्यात युद्धयंत्रांची कल्पनाशक्ती अगदी भरात होती. चौथ्या शतकाच्या आसपास एका अनाम लेखकाने सम्राटाला उद्देशून ‘दे रेबुस बेलिकिस’ हे लहानसे पुस्तक लिहिले. त्यात बैलांच्या जोड्यांनी फिरणाऱ्या वल्हेचाकांवर चालणारे लढाऊ जहाज आहे, कोयत्यांचे रथ आहेत, फुगवलेल्या कातड्यांचा घडीचा पूल आहे. चित्रांसह सगळे नीट मांडले आहे. ते जहाज मात्र कधी पाण्यात उतरल्याचा मागमूस नाही. सैनिक कमी पडत होते, करांचा बोजा वाढत होता, आणि त्या लेखकाला यंत्र हा त्यावरचा उपाय वाटत होता. दरबाराने त्याचे ऐकल्याचे दिसत नाही.

याच काळातील व्हेगेशियस हा लेखक सुरुंगाचे दोन उपयोग सांगतो. एक, रात्री शहरात गुपचूप शिरणे. दुसरा, तटाखालची माती काढून त्याला लाकडी टेकू देणे आणि मग ते टेकू पेटवणे. लाकूड जळाले की तट खचतो. बंदुकीची दारू नव्हती तेव्हा सुरुंग ‘उडत’ नसे. तो जळत असे, आणि तट हळूहळू खाली बसत असे.

हे कसे होई याचा भयंकर पुरावा सिरियात युफ्रेटिस नदीकाठी दुरा-युरोपोस येथे सापडला. इ. स. २५६ च्या सुमारास सासानी इराणी सैन्याने या रोमन ठाण्याला वेढा घातला आणि तटाचा एक बुरूज खालून पोखरला. रोमनांनी आतून उलटा सुरुंग खणला. दोन्ही वाटा जिथे भिडल्या तिथे सुमारे वीस सैनिकांचे सांगाडे एकमेकांवर रचलेल्या स्थितीत मिळाले. १९३० च्या दशकातील उत्खननात हे उघड झाले. २००९ मध्ये पुरातत्त्वज्ञ सायमन जेम्स यांनी त्याचा नवा अर्थ लावला: इराण्यांनी गंधक आणि डांबर पेटवून विषारी धूर रोमनांच्या वाटेत सोडला आणि ते गुदमरून मेले. एवढे होऊनही बुरूज कोसळला नाही. रोमनांनी तटाला आतून-बाहेरून मातीचा भराव घातला होता, त्यामुळे टेकू जळल्यावर तो उभाच्या उभा खचला. यंत्रांचे कौतुक करताना मातीच्या या ढिगाऱ्याचेही करावे.

सुरुंगाचा शोध कसा घ्यायचा, हे तर त्याहून जुने आहे. हेरोडोटसने आफ्रिकेतील बार्का शहराची गोष्ट सांगितली आहे. तिथल्या एका धातुकाम करणाऱ्याने पितळी ढाल तटाच्या आत जागोजाग जमिनीवर टेकवून पाहिली. जिथे खाली खणत होते तिथे ढाल घुमू लागली. मग तिथेच उलटी वाट खणून शत्रूला गाठले गेले.

दारू आली आणि सुरुंगाचे स्वरूप पालटले. आता टेकू जाळत बसायचे कारण उरले नाही. तटाखाली कोठी खणावी, तीत दारूची पिंपे भरावी, तोंड माती-दगडांनी ठासून बंद करावे, आणि वातीने आग द्यावी. बळ अनेक पटींनी वाढले. त्याबरोबर जुन्या पद्धतीत नसलेली एक अडचणही आली. जळणारे लाकूड आपल्या गतीने जळते आणि तट खचताना समोर दिसतो. वात मात्र जमिनीखाली जळते. ती कुठवर पोहोचली, दमट जागी विझली की धुमसते आहे, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. एकच सुरुंग असेल तर थांबून पाहता येते. दोन असतील, तर पहिला उडाल्यावर दुसऱ्याचे काय, हा जीवनमरणाचा प्रश्न होतो.

डिसेंबर १५६७, चितोड. अकबराच्या सैन्याने दोन सुरुंग जवळजवळ लावले. पहिला उडाला, खिंडार पडले, सैनिक धावले, आणि दुसरा त्यांच्या पायाखाली उडाला. बादशाही फौजेची सुमारे दोनशे माणसे गेली.

एप्रिल १७००, सातारा. औरंगजेब स्वतः वेढ्यात हजर. पहिला सुरुंग उडाला तो आतल्या बाजूला, आणि किल्लेदार प्रयागजी प्रभू ढिगाऱ्याखाली गाडले गेले. सुदैवाने त्यांना जिवंत बाहेर काढले. दुसरा उडाला तो बाहेरच्या बाजूला, हल्ल्यासाठी दाटीवाटीने उभ्या असलेल्या मोगलांवर. त्यात मोगलांची सुमारे दोन हजार माणसे मेल्याचे सांगितले जाते.

याआधी १६६० मध्ये चाकणला शायिस्ताखानाने जवळपास दोन महिन्यांच्या वेढ्यानंतर बुरूज उडवूनच फिरंगोजी नरसाळ्यांचा प्रतिकार मोडला होता. म्हणजे मराठ्यांनी सुरुंग आधी सोसला, मग वापरला. वसईच्या वेळी साताऱ्याच्या घटनेला केवळ एकोणचाळीस वर्षे झाली होती. ती पाहिलेली माणसे हयात असतील इतकी ती जवळची होती.

आता आपल्या खाडीकडे वळू. दिव्याहून वसईला जाणारी गाडी कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण करत जाते. कल्याणहून निघालेले उल्हासचे पाणीही ठाण्याला वळसा घालून, घोडबंदरवरून शेवटी वसईच्या किल्ल्याशीच समुद्राला मिळते. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथे जहाजे बांधायला सुरुवात केली. रुई लैताव व्हिएगश नावाच्या पोर्तुगीज कारागिराच्या हाताखाली त्याच्या जातभाईंनीही त्यावर काम केले. पुढे पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवून परत नेले. ऑगस्ट १६५९ मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला गेलेल्या पत्रात या जहाजांची काळजी स्पष्ट दिसते: ती खाडीबाहेर येऊ देऊ नयेत, असा हुकूम वसईच्या कप्तानाला दिल्याचे त्यात आहे. दुर्गाडीच्या पायथ्याशी जहाज कितीही चांगले बांधले, तरी त्याला समुद्र दाखवायचा की नाही हे वसई आणि ठाणे ठरवत होते. कल्याणच्या दृष्टीने वसईचा प्रश्न ऐंशी वर्षांचा जुना होता.

१७३७ मध्ये तो सोडवायला हात घातला गेला. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ यांनी त्यासाठी बराच काळ खटपट केली होती. ठाण्याचा किल्ला तेव्हा पोर्तुगीज बांधतच होते. आज जिथे मध्यवर्ती कारागृह आहे, तोच तो किल्ला. अपुऱ्या तटाचा फायदा घेऊन चिमाजी अप्पांच्या फौजेने तो मार्चअखेरीस घेतला आणि साष्टी बेट हाती आले. १७३८ च्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु तो परत घ्यायला आला, तेव्हा ठाण्याच्याच तोफेच्या गोळ्याने मारला गेला.

वसईची गोष्ट वेगळी होती. १७३७ मध्ये शिड्या लावून केलेले हल्ले परतवले गेले होते. या किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी आणि दलदल. जमिनीकडची एकच बाजू मोकळी, आणि तिथे युरोपी पद्धतीचे टोकदार बुरूज: एक सां सेबास्तियांव, दुसरा नोस्सा सेन्योरा दुश रेमेदियुश, म्हणजे वसईकरांच्या ओठी बसलेली रमेदी. अशा बुरुजांची रचना अशी असते की एका बुरुजावरची तोफ शेजारच्या बुरुजाचा पायथा झाडून काढते. शिडी घेऊन आलेला माणूस दोन्हीकडून माऱ्यात सापडतो. रोमन काळातले तट उंच असत, कारण शत्रू वर चढणार हे गृहीत होते. हे तट रुंद होते, कारण शत्रू तोफ डागणार हे गृहीत होते. असा तट पाडायला भारी तोफा लागतात, आणि त्या मराठ्यांकडे पुरेशा नव्हत्या.

मराठे गनिमी काव्यात तरबेज, पण वेढ्याचे शास्त्र त्यांना जमले नाही, असे सरसकट विधान आपण अनेक ठिकाणी वाचतो. पेशवे दप्तरातील निवडक कागदांचा १६ वा खंड याच मोहिमेचा आहे. तो चाळल्यावर हे विधान टिकत नाही. चिमाजींनी आधी वसईचे हातपाय तोडले. जानेवारी १७३९ मध्ये केळवे-माहीम आणि तारापूर घेतले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. मग वेसावे आणि भाईंदरजवळची धारावी. समुद्रावर मानाजी आंग्रे. फेब्रुवारीच्या मध्यापासून वसईला गळफास बसला आणि मोर्चे इंचाइंचाने तटाकडे सरकू लागले. किल्ल्यात पैसा संपत आला. चर्चमधली चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून मुंबईच्या इंग्रजांकडून कर्ज काढण्याची पाळी पोर्तुगीजांवर आली. इंग्रजांनी दिले, पण हात राखून. पोर्तुगीज दुबळे व्हावेत, पण मराठे शेजारी येऊ नयेत, या पेचात मुंबई होती. किल्ल्याचा अधिकारी मार्तिन्यु द सिल्वैरा लढताना मारला गेला आणि कायतान द सोझा याने सूत्रे हाती घेतली. तटावरून हातगोळे, पेटते पदार्थ, दगड यांचा मारा चालूच होता. पोर्तुगीज शर्थीने लढले, हे चिमाजींनाही मान्य होते.

वेळ मात्र चिमाजींच्या बाजूने नव्हती. मार्चमध्ये नादिरशहाने दिल्ली लुटली होती आणि बाजीरावांना उत्तरेसाठी फौज हवी होती. शिवाय मे चालू होता. वसईला जून उजाडला की खंदक, मोर्चे आणि सुरुंग पाण्याने भरणार. समुद्राकाठच्या जमिनीत तटाखाली वाट न्यायची, ती ढासळू द्यायची नाही, दारू कोरडी ठेवायची, आणि वरून तोफा धडधडत असताना शत्रूला कुदळीचा आवाज येऊ द्यायचा नाही. हे काम किती किचकट, याची कल्पना ज्यांनी कोकणात उन्हाळ्यात विहीर खणताना पाहिली आहे त्यांना येईल. चिमाजी अप्पा म्हणाले होते की किल्ला मिळत नसेल तर माझे मस्तक तोफेने आत उडवा, ही आख्यायिका सर्वांना पाठ आहे. ती खरी असो वा नसो, वसई वाक्याने पडली नाही. ती कुदळीने पडली, आणि कुदळ धरणाऱ्या एकाचेही नाव आपल्या ओठांवर नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सुरुंगांना बत्ती दिली गेली. काही उडाले, जमिनीकडच्या बुरुजाला भगदाड पडले आणि मराठे त्यात घुसले. तेवढ्यात मागे राहिलेला सुरुंग उडाला. चितोडला जे घडले, साताऱ्याला जे घडले, तेच इथे. खिंडारात पोहोचलेली आघाडी आपल्याच दारूने उडवली गेली. धुरळा बसेपर्यंत पोर्तुगीजांनी खिंडार अडवले आणि तो हल्ला मागे रेटला. या क्षणी वेढा मोडला असता, तर आज आपण वसईचे नाव मराठ्यांच्या अपयशांच्या यादीत वाचत असतो. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरुंग, पुन्हा हल्ला, आणि या वेळी मराठे पडलेल्या बुरुजावर पाय रोवून राहिले. तिथून आतल्या शहरावर तोफ रोखता येत होती.

दोन सुरुंग एकाच क्षणी उडवण्याची खात्रीची युक्ती वातीच्या युगात कोणाकडेच नव्हती. वातीची लांबी सारखी ठेवली तरी दारूची प्रत आणि ओलावा सारखा ठेवता येत नाही. विजेच्या साहाय्याने स्फोट घडवण्याचे तंत्र एकोणिसाव्या शतकात आले, तेव्हा कुठे हा प्रश्न सुटला. तोवर एकच उपाय होता: सगळे सुरुंग उडेपर्यंत थांबणे. पण थांबले तर शत्रू खिंडार बुजवतो. चितोडच्या मोगलाने आणि वसईच्या मराठ्याने केलेली निवड एकच आहे, आणि तिला नुसती घाई म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

१६ मे १७३९ रोजी वसईने शरणागतीचा तह केला. काही पुस्तकांत ही तारीख ५ मे दिसेल. गोंधळून जाऊ नये: पोर्तुगीज नवी ग्रेगोरियन दिनदर्शिका वापरत, इंग्रज १७५२ पर्यंत जुनी ज्युलियन, आणि दोन्हींत अकरा दिवसांचे अंतर होते. इंग्रजी कागदांवरून लिहिणाऱ्याची वसई अकरा दिवस आधी पडते. परीक्षेत मात्र कोणती तारीख लिहावी, हे आपापल्या शिक्षकांना विचारावे.

ग्रँट डफने पोर्तुगीजांकडील हताहतांचा आकडा ८०० आणि मराठ्यांकडील ५,००० च्या वर दिला आहे. जिंकणाऱ्यांची हानी हरणाऱ्यांच्या सहापट. हा आकडा विजयाच्या पोस्टरवर शोभत नाही, म्हणून तो तिथे नसतो. माझ्या मते तो तिथे असायला हवा, कारण त्याशिवाय तहाच्या अटी समजत नाहीत. पोर्तुगीज फौजेला हत्यारांसह, निशाण फडकावत, नगारे वाजवत बाहेर पडू दिले गेले. ज्या रहिवाशांना जायचे होते त्यांना मालमत्तेसह जायची मुभा मिळाली. एवढी माणसे गमावल्यावर सूड घेण्याची भाषा सोपी होती. चिमाजींनी ती केली नाही, आणि २३ मेला किल्ला रिकामा करून घेतला. सुमारे दोनशे वर्षांची पोर्तुगीज वसई संपली. तिथल्या चर्चच्या घंटा पुढे देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावरची घंटा, जिच्यावर १७२१ हे साल आहे, ती त्यांतलीच मानली जाते.

कल्याणच्या खाडीचे तोंड मोकळे झाले. ठाण्याचा अपुरा किल्ला मराठ्यांनी पुरा केला, आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी तो हल्ला करून घेतला.

राहता राहिली वसई. नोव्हेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्ड तिच्यासमोर आला. बाजू तीच, जमिनीकडची. त्याने मात्र बुरुजाखाली वाट खणली नाही. आधी लांबवर एक तोफखाना उभारला, मग त्याहून जवळ दुसरा, आणि भारी तोफा व उखळी तोफांनी तट फोडत राहिला. चिमाजींना जिथे तीन महिने आणि हजारो माणसे लागली, तिथे गॉडर्डला सुमारे चार आठवडे पुरले. ११ डिसेंबर १७८० रोजी मराठा किल्लेदाराने वसई खाली केली.